आठ आउट बाकी होते: मॅरिनर्सच्या २०२५ च्या हंगामाची पार्श्वभूमी

२० ऑक्टोबर २०२५. बेसबॉलच्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा, म्हणजे निर्णायक सामना, टोरांटोत. नऊपैकी सातवी इनिंग, प्रत्येकीत तीन आउट. सिॲटल मॅरिनर्स ३-१ ने पुढे. इनिंगमधला एक आउट झालेला, सामन्यातले आठ बाकी. ते मिळाले असते तर हा क्लब पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजमध्ये (अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत) पोहोचला असता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर टोरांटोच्या ब्लू जेजचे रनर होते आणि बॅट जॉर्ज स्प्रिंगरच्या हातात होती. त्याने पिचर (चेंडू टाकणारा) एडुआर्ड बझार्डोचा चेंडू डावीकडच्या कुंपणापलीकडे धाडला आणि तिघांच्या धावांनी धावफलक ४-३ असा उलटला. मेजर लीगच्या ३० संघांपैकी कधीच वर्ल्ड सिरीज न खेळलेला संघ एकच आहे. तो २०२५ च्या अखेरीलाही हाच राहिला.

सिॲटलमध्ये यावर 'शाप' हा शब्द पटकन तोंडी येतो. खरं तर शापाची गरजच नाही, हिशेब पुरेसा आहे. या क्लबकडे थोर खेळाडू नव्हते असा काळ फारसा नाहीच. पण बॅटिंग भरली की बुलपेन (मध्येच उतरणाऱ्या बदली पिचरांचा ताफा) रिकामं आणि पिचिंग जमलं की बॅटी मुक्या, हा खेळ इथे जवळपास पन्नास वर्षं चालू आहे. २०२५ च्या पराभवाचं दुःख एवढं का, हे कळायला त्या मागच्या फेऱ्या पाहाव्या लागतात.

सुरुवात खटल्यातून झाली. १९६९ मध्ये सिॲटलला 'पायलट्स' नावाचा संघ मिळाला. तो जुन्या सिक्स स्टेडियमवर एकच हंगाम खेळला, ६४ सामने जिंकला, ९८ हरला आणि दिवाळखोरीत निघाला. पुढच्या हंगामाच्या तोंडावर उद्योजक बड सीलिगने तो मिल्वॉकीला नेला आणि त्याचे 'ब्रूअर्स' झाले. शहर, काउंटी आणि वॉशिंग्टन राज्याने अमेरिकन लीगला कोर्टात खेचलं. तडजोड म्हणून नवा संघ मिळाला. ६ एप्रिल १९७७ ला किंगडोम या काँक्रीटच्या घुमटाखाली मॅरिनर्सचा पहिला सामना झाला आणि कॅलिफोर्निया एंजल्सनी तो ७-० ने जिंकला. पहिल्या हंगामाचा निकाल? ६४ विजय, ९८ पराभव. पायलट्सच्या आकड्याची तंतोतंत नक्कल. विजय पराभवांहून जास्त असलेला पहिला हंगाम उजाडायला १९९१ साल यावं लागलं.

तोवर केन ग्रिफी ज्युनियर आला होता. १९८७ च्या ड्राफ्टमधली (नवोदितांच्या वार्षिक वाटपातली) पहिली निवड, १९८९ मध्ये पदार्पण. १९९० मध्ये त्याचे वडीलही याच संघात आले आणि १४ सप्टेंबरला बापलेकांनी लागोपाठ होम रन (कुंपणापलीकडचे फटके) मारले. मैदानावर असं चित्र, आणि कचेरीत मात्र मालक जेफ स्मुल्यान संघ फ्लोरिडाला न्यायच्या खटपटीत. १९९२ मध्ये निन्टेंडोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी पैसा घातला आणि संघ वाचला. निन्टेंडोची अमेरिकन शाखा रेडमंडची, म्हणजे ज्या उपनगरात आज मायक्रोसॉफ्टमुळे मराठी घरंही भरपूर आहेत तिथली. यामाउचींनी आपल्या संघाचा सामना मैदानात बसून एकदाही पाहिला नाही. संघ विकत घेऊन तो न पाहणारा मालक विरळाच, पण सिॲटलने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

१९९५ ची गोष्ट इथल्या चाहत्यांच्या मुलांनाही पाठ असते. ऑगस्टच्या सुरुवातीला एंजल्स १३ सामन्यांनी पुढे होते. हंगाम संपताना बरोबरी झाली, निकालासाठी ठेवलेला एकमेव सामना सिॲटलने ९-१ ने जिंकला. मग न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध पाच सामन्यांच्या मालिकेत ०-२ वरून २-२. पाचव्या सामन्यात रँडी जॉन्सन केवळ एका दिवसाच्या विश्रांतीवर रिलीव्हर (बदली पिचर) म्हणून उतरला. एरवी सुरुवातीचा पिचर ९०-१०० चेंडू टाकून चार दिवस हात बाजूला ठेवतो, म्हणजे हा जुगारच होता. अकराव्या इनिंगमध्ये यांकीज ५-४ ने पुढे, तिसऱ्या बेसवर जोई कोरा, पहिल्यावर ग्रिफी. एडगर मार्टिनेझने डाव्या कोपऱ्यात डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारला. कोराने बरोबरी केली आणि ग्रिफी पहिल्या बेसवरून धावत सुटला तो थेट घरी येऊन घसरला. ६-५. सिॲटलमध्ये नुसतं 'द डबल' म्हटलं तरी पुरतं.

त्या फटक्याचा खरा परिणाम मैदानाबाहेर झाला. सप्टेंबरमध्ये किंग काउंटीच्या मतदारांनी नव्या स्टेडियमसाठीचा कर थोडक्या मतांनी फेटाळला होता. ऑक्टोबरमधल्या त्या वेडानंतर राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून दुसऱ्या मार्गाने पैसा उभा केला. पुढच्या फेरीत क्लीव्हलंडने सहा सामन्यांत हरवलं, पण संघ सिॲटलमध्येच राहणार हे पक्कं झालं.

पहिली मोठी संधी खरी वाया गेली ती १९९७ मध्ये. त्या हंगामात मॅरिनर्सनी २६४ होम रन मारले, तोवरचा मेजर लीगचा उच्चांक. ग्रिफीचे ५६. आणि बुलपेन इतकं कच्चं की सातव्या-आठव्या इनिंगमध्ये आघाडी हातात टिकत नसे. उपाय म्हणून ३१ जुलैला, संघांमधल्या खेळाडूंच्या बदल्यांच्या शेवटच्या दिवशी, हीथक्लिफ स्लोकम या रिलीव्हरसाठी बॉस्टनला दोन तरुण देऊन टाकले: कॅचर जेसन व्हॅरिटेक आणि पिचर डेरेक लोव. त्याआधी १९९६ मध्ये डेव्ह हॉलिन्सच्या बदल्यात मिनेसोटाला एक पोरगा दिला होता, त्याचं नाव पुढे डेव्हिड ऑर्टिझ म्हणून गाजलं. २००४ मध्ये बॉस्टनने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा हे तिघेही त्या संघात होते. १९९७ च्या मॅरिनर्सना मात्र बाल्टिमोरने पहिल्याच फेरीत घरी धाडलं. घाईने बुलपेन विकत घ्यायला गेलं की काय किंमत मोजावी लागते, याचं उदाहरण म्हणून हा व्यवहार अजून काढला जातो.

मग तारे एकेक करून गेले. १९९८ मध्ये जॉन्सन ह्यूस्टनला, २००० च्या फेब्रुवारीत ग्रिफी सिनसिनाटीला, त्याच डिसेंबरात अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज २५ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर टेक्सासला. आता संपलं, असं वाटत असतानाच २००१ आलं. ११६ विजय, ४६ पराभव. १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी. जपानहून आलेल्या इचिरो सुझुकीने २४२ हिट्स (बेसवर पोहोचवणारे फटके), ५६ चोरलेले बेस (फटका न लागता धावून पटकावलेले) आणि .३५० च्या सरासरीने (हजार संधींत ३५० हिट्स) पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान मिळवले. ब्रेट बूनने १४१ धावा घडवल्या. संघाच्या एकूण ९२७ धावा झाल्या. पण १६२ सामन्यांत रोज थोडं थोडं सरस असणं वेगळं आणि सात सामन्यांत दोन-तीन भेदक पिचरांना तोंड देणं वेगळं. लीगच्या अंतिम मालिकेत यांकीजनी पाच सामन्यांत गुंडाळलं. चौथा सामना जास्त बोचतो: आठव्या इनिंगमध्ये बूनच्या होम रनने १-० अशी आघाडी मिळाली, ती आर्थर ऱ्होड्सने गमावली आणि नवव्यात काझुहिरो सासाकीला अल्फोन्सो सोरियानोने कुंपणापलीकडे मारलं. पुन्हा बुलपेन, आणि तेही हंगामभर भक्कम राहिलेलं.

त्यानंतर प्लेऑफशिवाय, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या न गाठता, सलग २० हंगाम गेले. यातले बरेचसे आठवायच्या लायकीचे नाहीत. पण मैदानाबद्दल इथे बोलायलाच हवं, कारण या काळाची गुरुकिल्ली तिथे आहे. जुलै १९९९ मध्ये उघडलेलं आणि २०१९ पासून टी-मोबाइल पार्क म्हणून ओळखलं जाणारं हे मैदान समुद्रसपाटीला, खाडीच्या काठावर आहे. छप्पर सरकतं, पण ते छत्रीसारखं: पाऊस अडवतं, बाजू उघड्याच राहतात. एप्रिल-मेच्या थंड रात्री हवा दाट असते आणि इतर ठिकाणी होम रन ठरणारा फटका इथे भिंतीपाशी झेलला जातो. बंद किंगडोममध्ये चेंडू उडायचा, इथे तो पडतो. २०१३ च्या हंगामाआधी भिंती थोड्या आत घेतल्या, तरी फरक मर्यादितच राहिला. पिचरांना हे घर आवडतं. नावाजलेले बॅटर मात्र करारासाठी मोकळे झाले की इथे यायला का कू करतात, म्हणून बॅटर बदल्यांतूनच आणावे लागतात. शिवाय जवळपास दुसरा मेजर लीग संघ नसल्याने विमानप्रवासही खूप या संघाच्या वाट्याला येतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २००४ मध्ये इचिरोने २६२ हिट्स मारून जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा विक्रम मोडला. त्या वर्षी संघ ९९ सामने हरला. २००८ च्या आरंभी पिचर एरिक बेडार्डसाठी अ‍ॅडम जोन्ससह पाच खेळाडू बाल्टिमोरला दिले. बेडार्ड दुखापतींत अडकला, जोन्स तिकडे पाच वेळा ऑल-स्टार (लीगच्या वार्षिक निवडक संघात) झाला आणि मॅरिनर्स १० कोटी डॉलरहून अधिक पगार वाटून १०० च्या वर सामने हरणारा पहिला संघ ठरले. २०१० मध्ये पिचर फेलिक्स हर्नांडेझला साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कार मिळाला तेव्हा त्याची नोंद होती १३ विजय, १२ पराभव. संघाने १६२ सामन्यांत ५१३ धावा केल्या, म्हणजे सामन्याला जेमतेम तीन. १५ ऑगस्ट २०१२ ला त्याने टाम्पा बेच्या २७ बॅटरांपैकी एकालाही बेसवर पोहोचू दिलं नाही आणि त्या परफेक्ट गेमचा धावफलक होता १-०. फेलिक्स २०१९ पर्यंत सिॲटलकडूनच खेळला. प्लेऑफची एक इनिंगही त्याच्या नशिबी आली नाही.

दुष्काळ संपला ३० सप्टेंबर २०२२ ला, कॅल रॅलीने बदली बॅटर म्हणून येऊन नवव्या इनिंगमध्ये मारलेल्या होम रनने. पुढे टोरांटोत ८-१ ने मागे असताना १०-९ असा विजय मिळाला. आणि मग ह्यूस्टनविरुद्ध घरच्या मैदानावर १८ इनिंग, एकही धाव नाही, ०-१. जुनं दुखणं नव्या कपड्यांत. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी प्लेऑफ एकेका विजयाने हुकलं. २०२४ मध्ये सुरुवातीच्या पिचरांची फळी लीगमध्ये अव्वल होती आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर, बहुधा चेंडू हुकून, आउट) होण्यातही मॅरिनर्सचे बॅटर पहिले होते. जूनमधली दहा सामन्यांची आघाडी महिन्याभरात वितळली. याआधी संघबांधणीचे प्रमुख जेरी डिपोटो बोलून गेले होते की दीर्घकाळ ५४ टक्के सामने जिंकत राहिलं की बहुतेकदा वर्ल्ड सिरीज गाठता येते. हिशेब म्हणून ते चूक नाही. पण २१ वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला टक्केवारी ऐकवू नये, एवढं तारतम्य हवं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मॅनेजर (मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक) स्कॉट सर्व्हिस यांना काढलं, १९९५ च्या संघातला कॅचर डॅन विल्सन मॅनेजर झाला.

म्हणून २०२५ वेगळं होतं. या वेळी बॅटी बोलत होत्या. रॅलीने ६० होम रन मारले: कॅचरचा उच्चांक आधी साल्वाडोर पेरेझचा ४८ होता, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी बॅट चालवणाऱ्याचा मिकी मँटलचा ५४, क्लबचा ग्रिफीचा ५६. कॅचर प्रत्येक इनिंग उकिडवा बसून प्रत्येक चेंडू झेलतो आणि पिचरची योजनाही आखतो. त्या अंगमेहनतीवर, काही सामने नुसता बॅटर म्हणून धरले तरी, १५९ सामने खेळून हे करणं अचाट आहे. साठावा होम रन २४ सप्टेंबरला आला, त्याच रात्री २००१ नंतर प्रथमच लीगच्या पश्चिम विभागाचं विजेतेपद मिळालं. हुलिओ रॉड्रिगेझने ३२ होम रन आणि ३० चोरलेले बेस अशी जोडी जमवली. जुलैच्या शेवटी अ‍ॅरिझोनाहून जॉश नेलर आणि युहेनियो सुआरेझ आणले. नेलर लीगमधल्या सर्वांत संथ धावणाऱ्यांपैकी एक, तरी पिचरच्या हालचाली वाचून त्याने सिॲटलसाठी १९ पैकी १९ बेस चोरले. सुआरेझची सरासरी .१८९ वर घसरली, पण ५३ सामन्यांत १३ होम रन दिले.

या वेळी रिकामी राहिली ती दुसरी बाजू. जॉर्ज कर्बीचा खांदा, लोगन गिल्बर्टचा कोपराजवळचा स्नायू, ब्राइस मिलरचा कोपर, आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत भरवशाच्या ब्रायन वूचा छातीचा स्नायू. १० ऑक्टोबरला डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना १५ इनिंग चालला. होर्हे पोलांकोच्या हिटने ३-२ असा जिंकला खरा, पण त्यासाठी गिल्बर्ट आणि लुईस कास्तियो या सुरुवातीच्या पिचरांनाही रिलीव्हर म्हणून वापरावं लागलं. दोनच दिवसांनी टोरांटोत लीगची अंतिम मालिका सुरू. पहिले दोन सामने जिंकले, मग घरी १३-४ आणि ८-२ असा मार खाल्ला. पाचव्यात सुआरेझच्या ग्रँड स्लॅमने (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेल्या होम रनने) मालिकेत ३-२ अशी आघाडी मिळवली. सहाव्यात क्षेत्ररक्षणातल्या तीन चुका आणि बॅटिंग करताना लागोपाठ तीन इनिंगमध्ये तीन डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन आउट). सातव्यात कर्बीने चार इनिंग नीट सांभाळल्या आणि नुकत्याच दुखापतीतून परतलेल्या वूला त्याच्या स्वतःच्या तिसऱ्या, म्हणजे सामन्यातल्या सातव्या इनिंगसाठी पुन्हा पाठवलं. आधी वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट बेस), मग सिंगल (एका बेसचा फटका), मग दोन्ही रनरना पुढे सरकवणारा हलका फटका, बंट.

विल्सनने तेव्हा बझार्डोला बोलावलं, क्लोजर (शेवटच्या इनिंगचा खास पिचर) आंद्रेस मुन्योझला नाही. बझार्डो हंगामभर अशा वेळी कामी आला होता, त्यामुळे निर्णय वेडगळ नव्हता. पण दुसरा-तिसरा बेस भरलेला आणि पहिला मोकळा असताना जमिनीवरच्या चेंडूवर डबल प्ले मिळणं कठीण. तिथे लागतो तो स्ट्राइकआउट, आणि तो घेणारा सर्वांत जहाल हात मुन्योझचा होता. क्लोजर नवव्या इनिंगसाठीच राखून ठेवायचा हा शिरस्ता इथे महागात पडला. नववी इनिंग मॅरिनर्सच्या हातात उरलीच नाही. टोरांटोच्या जेफ हॉफमनने तिघांनाही स्ट्राइकआउट केलं. शेवटचा रॉड्रिगेझ. पुढचा नंबर रॅलीचा होता, तो बॅट घेऊन वर्तुळात उभा होता.