गाडी निघालीय, तुम्ही बोलत राहा

"अहो, प्रश्न कशाला विचारता, आधी गाडी पाठवा!" १०८ किंवा ११२ लावल्यावर घाबरलेला माणूस हमखास असे ओरडतो. त्याच्या समोर वडील बेशुद्ध पडलेले असतात आणि फोनवरची मुलगी शांतपणे तालुका विचारते, वय विचारते, श्वास चालू आहे का विचारते. राग येणारच. पण त्याला एक गोष्ट ठाऊक नसते. जगभरच्या बहुतेक मोठ्या आधुनिक केंद्रांमध्ये फोन घेणारा आणि गाडी धाडणारा ही दोन वेगळी माणसे असतात. ठिकाण आणि अडचण कळली की ती नोंद दुसऱ्याच्या पडद्यावर जाते, तो गाडीला निरोप देतो, आणि इकडे प्रश्न चालूच राहतात. या प्रश्नांमुळे गाडी थांबत नाही. ती पोचेपर्यंत रुग्णाला जगवायचे असेल, तर हातात तेवढेच एक साधन असते.

महाराष्ट्रात १०८ ही रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तिचे फोन पुण्यात घेतले जातात. ११२ हा पोलीस, आग, वैद्यकीय मदत या सगळ्यांसाठीचा एकच क्रमांक, आणि त्याची केंद्रे नवी मुंबई आणि नागपूरला आहेत. तिथून नोंद त्या त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे येते. म्हणजे मराठवाड्यातल्या हदगावच्या एखाद्या तांड्यावरून केलेला फोन आधी शेकडो किलोमीटर दूर जातो. उचलणाऱ्याने तो तांडा कधी पाहिलेला नसतो, त्यामुळे सगळ्यात अवघड प्रश्न आजाराचा नसतो. तो असतो, "तुम्ही नेमके कुठे आहात?"

टॉवरला काय कळते

मोबाइलवरून बोलताय म्हणजे तुमची जागा आपोआप कळत असेल, असे बहुतेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. फोन ज्या टॉवरला जोडलेला असतो, तो टॉवर कळतो. टॉवरवरच्या अँटेना साधारणतः तीन दिशांना वाटलेल्या असतात, म्हणून दिशेचा १२० अंशांचा एक पट्टा कळतो. शिवाय लहरीला जाऊन यायला लागणारा वेळ मोजून अंतराचा अंदाज बांधता येतो. जुन्या टू-जी जाळ्यात हा वेळ ३.६९ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी मोजला जातो. एक पायरी म्हणजे सुमारे ५५४ मीटर.

आता हिशेब करून पाहू. फोन टॉवरपासून चार किलोमीटरवर आहे. एका दिशेचा पट्टा आणि ५५४ मीटर रुंदी धरली, तर क्षेत्रफळ येते सुमारे ४.६ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेअकराशे एकर शिवार. त्यात एक माणूस शोधायचा, तोही रात्री, तूर डोक्याएवढी वाढलेली असताना. फोर-जीमध्ये पायरी ७८ मीटरची होते, म्हणून शोध दीडशे-पावणेदोनशे एकरांवर येतो. फरक मोठा आहे, तरी दीडशे एकरही पुष्कळ झाले.

उपग्रहांवरून मिळणारी जागा याहून कितीतरी नेमकी असते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ सांगत फिरतात. त्यातल्या निदान चौघांचे संकेत फोनला मिळाले, की काही मीटरांच्या फरकाने जागा निघते. आणि इथे मराठवाड्याची बाजू भक्कम आहे. मुंबईच्या गल्लीत उंच इमारती संकेत अडवतात, परतवतात. आपल्या उघड्या माळावर आभाळ पुरते मोकळे असते. म्हणजे जागा फोनला कळू शकते; ती फोन घेणाऱ्यापर्यंत पोचणे हा खरा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून यावर एक सोय सुरू झाली. आणीबाणीचा क्रमांक लावताच फोन स्वतःच आपली जागा शोधतो आणि बोलणे चालू असतानाच ती केंद्राला कळवतो. आपल्याकडे '११२ इंडिया' ॲपमधून जागा जाते. पण ज्याच्या हातात साधा बटनांचा फोन आहे, त्याला ॲपचा काय उपयोग? त्याच्यासाठी तोंडी पत्ता हाच पत्ता.

तोंडी पत्त्यालाही भौतिकशास्त्र आडवे येते. जुन्या टेलिफोन प्रणालीतून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. 'स'चा बहुतांश जोर चार हजार हर्ट्झच्या वर असतो, तो वाटेतच गळतो. म्हणून सेलगाव की शेलगाव, हे ऐकणाऱ्याला कितीही कान देऊन कळत नाही. नव्या फोर-जी बोलण्यात सुमारे सात हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज येतो, तिथे हा गोंधळ कमी होतो. पण रेंज घसरली की बरेच फोन पुन्हा जुन्या जाळ्यावर येतात. त्यात पिंपळगाव, वडगाव, बोरगाव ही नावे तालुक्या-तालुक्यात. मग बुद्रुक की खुर्द. म्हणून फोन घेणारी ताई तालुका विचारते, शेजारचे मोठे गाव विचारते आणि सगळे परत म्हणून दाखवते. ऐकणाऱ्याला ती घोकंपट्टी वाटते. चुकीच्या पिंपळगावाला गेलेली गाडी परत यायला किती वेळ लागतो, हे तिला माहीत असते.

दोन प्रश्न

ठिकाणानंतर येतात ते दोन प्रश्न: माणूस शुद्धीवर आहे का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दुसऱ्या प्रश्नातला 'नेहमीसारखा' हा शब्द फार विचारपूर्वक ठेवलेला आहे.

हृदय अचानक बंद पडले, तरी मेंदूच्या देठातून काही मिनिटे आचके सुटत राहतात. माणूस मोठ्याने घोरल्यासारखा आवाज करतो, मासा तडफडावा तसा तोंड उघडतो. पाहणाऱ्याला वाटते, श्वास चालू आहे. "हाय की श्वास, घोरायलेत," असे उत्तर येते. हे घोरणे म्हणजे श्वास नव्हे, हृदय थांबल्याची ती खूण आहे. जाणती फोन घेणारी लगेच म्हणते, "प्रत्येक श्वासाला 'आता' म्हणा." दोन 'आता'मधले अंतर लांबले, की तिचा निर्णय होतो.

मग सूचना सुरू होतात. त्यातली पहिली आपल्या घरांसाठी फार मोलाची आहे: "बाजेवरून खाली घ्या, जमिनीवर उताणे झोपवा." बाजेची सुंभ किंवा नवार दाबाबरोबर खाली जाते आणि छाती दबतच नाही. त्यानंतर छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ती फोनवर मोजते, तुम्ही तिच्यासोबत मोठ्याने मोजायचे. दाब नसेल आणि विजेचा झटका देणारे यंत्रही नसेल, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. ग्रामीण भागात गाडी कितीही वेगाने आली तरी पहिल्या दहा मिनिटांत पोचणे अवघड. म्हणून ती दहा मिनिटे घरातल्या माणसाच्या हातांची आणि फोनवरच्या आवाजाची. अमेरिकेत सिएटलजवळच्या किंग काउंटीत डॉ. मिकी आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे शिक्षण फोनवरून देऊन दाखवले. त्याच्या थोडे आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, सॉल्ट लेक सिटीच्या डॉ. जेफ क्लॉसन यांनी प्रश्नांचा क्रम कागदावर बांधून दिला होता. घाबरलेल्या माणसाशी कसे बोलावे, याचेही त्यांनी तंत्र सांगितले: तीच सूचना, त्याच शब्दांत, त्याच सुरात, पुन्हा पुन्हा. शब्द बदलले की घाबरलेला मेंदू त्याला नवी सूचना समजतो आणि आणखी गोंधळतो.

मराठवाड्यासाठी या यादीत दोन गोष्टी ठळक असायला हव्यात, असे मला मनापासून वाटते.

पहिली वीज. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात आपल्याकडे शेतात वीज पडून माणसे जातात. अजूनही अनेक जण अशा माणसाला हात लावायला भितात. अंगात वीज राहत नाही. हात लावणे पूर्ण सुरक्षित असते. एकाच वेळी चार-पाच जण पडले असतील, तर निपचित पडलेल्याला मागे ठेवण्याचा नेहमीचा नियम इथे उलटा होतो. कण्हणारा, बोलणारा माणूस बहुधा जगतो. निपचित पडलेल्याकडे आधी धावायचे, कारण विजेने थांबलेले हृदय पुष्कळदा आपोआप सुरू होते, पण श्वास मागे राहतो. हे फोनवरून सांगायला अर्धे मिनिट पुरते.

दुसरी मण्यार. नाग, घोणस, फुरसे चावले की दुखते, सूज येते, माणूस आरडाओरडा करतो. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बहुधा कळतही नाही. मध्यरात्री फोन येतो, "पोटात कळा यायल्यात, डोळे उघडंनात." ऐकणारीला या दोन लक्षणांवरून साप सुचला पाहिजे. मग सूचना ठरलेल्या: हलवू नका, चालवू नका, दोरी आवळून बांधू नका, कापू नका, साप शोधत बसू नका. गाडी धाडणाऱ्यालाही याचा उपयोग होतो, कारण मण्यारीचे विष श्वासाचे स्नायू लुळे पाडते. प्रतिविषाबरोबर व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय गाठायचे की आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पहिला डोस द्यायचा, हे तेव्हाच ठरवावे लागते.

रांगेचे गणित

हे सगळे फोन उचलल्यानंतरचे. तो उचलायला किती वेळ लागेल? १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरच्या आगीत पाच स्त्रिया गेल्या. फोन करणारा शेजारी टेलिफोन केंद्राच्या रांगेत ताटकळत होता. त्यातूनच ३० जून १९३७ ला ९९९ हा ब्रिटनचा आणीबाणीचा क्रमांक जन्मला.

रांगेचे गणित मात्र त्याआधीच तयार होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती आग्नेर एर्लांग यांनी ते १९०९ पासून मांडले. त्यांच्या सूत्राने मी एक साधे उदाहरण सोडवले. तासाला ६० फोन, प्रत्येकी सरासरी तीन मिनिटे. तीन माणसांचे पूर्ण काम झाले. तर मग तीन माणसे बसवली की भागले? नाही. फोन घड्याळ लावून येत नाहीत, गठ्ठ्याने येतात. तीनच माणसे असली तर रांग वाढतच जाते. चार असली तर निम्म्या लोकांना थांबावे लागते आणि सरासरी प्रतीक्षा दीड मिनिट. पाच बसवली तर २१ सेकंद. सहा असली तर फक्त सहा. सहावा माणूस दिवसाचा बराचसा वेळ रिकामा बसलेला दिसेल. त्याचे ते बसणे हीच सेवा आहे, हे पगाराचा हिशेब मांडणाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

आता त्याच पाच माणसांवर तासाला २० फालतू फोन टाकू. कुणी रिचार्जचे विचारतो, कुणी फोन घेणारीशी नको ते बोलतो. फोन वाढले एक तृतीयांशाने, पण प्रतीक्षा २१ सेकंदांवरून १०० सेकंदांवर जाते. जवळपास पाचपट. गंमत म्हणून फोन करणाऱ्याला माहीतही नसते की त्याने कुणाच्या हृदयाचे दीड मिनिट घेतले.

एर्लांगचे सूत्र प्रत्येक फोन स्वतंत्र आहे असे धरून चालते. महामार्गावर ट्रॅव्हल्स उलटली की एकाच घटनेचे तीस फोन येतात, पूर आला की एका तालुक्यातून शेकडो. तिथे हे गणित मोडते, आणि दुसऱ्या केंद्राने भार उचलण्याची सोय लागते.

जवळची गाडी कोणती

गाडी धाडणाऱ्याचे काम नकाशावर सोपे दिसते: जवळची गाडी पाठवा. पण अंबड तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावाला गेवराईची गाडी सरळ रेषेत जवळ असली, तरी मधे गोदावरी आहे. ओलांडायची तर शहागडच्या पुलापर्यंत जावे लागते. पावसाळ्यात सिंदफणा, मांजरा, तेरणा, मन्याड यांच्यावरचे ठेंगणे पूल पाण्याखाली जातात. म्हणून अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, ते त्या तासाच्या मिनिटांत मोजावे लागते, आणि पुलाची खबर नकाशापेक्षा आधी चालकाकडे असते.

दुसरा पेच याहून खोल आहे. किनवटची गाडी रुग्णाला घेऊन नांदेडला निघाली, की जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरहून जास्त. तेवढा वेळ किनवट आणि माहूरचा डोंगराळ पट्टा उघडा पडतो. अशा वेळी भोकर-हिमायतनगरकडची गाडी थोडी पुढे सरकवून ठेवायची का? मोजक्या गाड्यांत जास्तीत जास्त लोक ठरावीक मिनिटांच्या आत कसे येतील, हा प्रश्न रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रेव्हेल यांनी १९७४ मध्ये गणितात मांडला. आज संगणक त्याचे उत्तर झटकन देतो. पण गाडी रिकामी उभी ठेवणे किंवा आत्ता कुणाचाही फोन नसताना ती हलवणे, याची जबाबदारी शेवटी खुर्चीवरच्या माणसाची.

त्या खुर्चीची किंमतही मोजावी लागते. घटनास्थळ न पाहता केवळ ऐकणाऱ्यांमध्येही आघातोत्तर ताणाची लक्षणे दिसतात, हे गेल्या दीड दशकातल्या संशोधनाने दाखवले आहे. त्यात भर असते अर्धवट राहण्याची. गाडी पोचली की फोन बंद; ती बाई वाचली का, बाळ रडले का, हे कळण्याआधी पुढचा फोन वाजतो. रुग्णाचे पुढे काय झाले ते फोन घेणाऱ्यांना कळवण्याची पद्धत प्रत्येक केंद्राने पाडावी. खर्च जवळजवळ काहीच नाही.

राहिला शेवटचा किलोमीटर. गाडी रस्त्यावरच्या गावाच्या पाटीपर्यंत येते आणि तिथून शेतातला आखाडा सापडत नाही. पांदणीला नाव नाही, घराला क्रमांक नाही, आणि "सोसायटीच्या बोरीपासून डावीकडं" हे चालकाला रात्री दिसत नाही. यावर एक स्वस्त उपाय गावालाच करता येईल. प्रत्येक डीपीवर, आखाड्याच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहायचे: गाव, तालुका, गट नंबर आणि फोनच्या नकाशावर दिसणारे अक्षांश-रेखांश. दशांश चिन्हानंतर चार आकडे लिहिले तरी जागा दहा-अकरा मीटरच्या आत येते. मग दहा वर्षांच्या पोरालाही ते फोनवर वाचून दाखवता येईल. आणि फोन झाल्यावर एकाने बॅटरी घेऊन पाटीवर जाऊन उभे राहायचे. ज्या फोनवरून मदत मागितली तो मोकळा ठेवायचा, नातेवाइकांना कळवायला दुसरा वापरायचा, कारण चालक त्याच क्रमांकावर फोन करणार असतो.