डायर झालेले फॉक्स आणि फील्डिंग झालेले फॉक्स

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर आणि डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४) या चित्रपटात आपल्याच गोऱ्या मंडळींचा रोष पत्करून डॉक्टर अझीझची बाजू घेणारा फील्डिंग, या दोन्ही भूमिका एकाच इंग्रज नटाने केल्या आहेत, अशी समजूत मी बरीच वर्षे बाळगून होतो. श्रेयनामावलीत दोन्हीकडे फॉक्स हे आडनाव होते. भुरे केस, चेहऱ्याची तीच घडण आणि उच्चभ्रू इंग्रजी बोलण्याची तीच ढब असल्यामुळे शंका घेण्याचे कारणही पडले नव्हते. प्रत्यक्षात डायर झाले ते एडवर्ड फॉक्स आणि फील्डिंग झाले ते जेम्स फॉक्स. हे दोघे सख्खे भाऊ असून त्यांच्या वयात जेमतेम दोन वर्षांचे अंतर आहे. थोरले एडवर्ड यांचा जन्म १३ एप्रिल १९३७ चा आणि धाकटे जेम्स यांचा १९ मे १९३९ चा. १३ एप्रिल हीच जालियनवाला बागेची तारीख आहे. डायरचे काम करणाऱ्या नटाच्या वाट्याला हा वाढदिवस यावा, हा निव्वळ योगायोग असला तरी एकदा लक्षात आला की विसरता येत नाही.

चेहऱ्यावरून दोघांत गल्लत होते, पण आवाजावरून होऊ नये. एडवर्ड जबडा फारसा न हलवता बोलतात. शब्द दातांआड धरून ठेवावा आणि आपल्याला वाटेल तेव्हाच सोडावा, अशी त्यांची तऱ्हा आहे आणि वय वाढत गेले तशी ती अधिकाधिक ठळक होत गेली. जेम्स यांचा आवाज त्या मानाने हलका आहे आणि त्यांची वाक्ये शेवटाकडे किंचित विरत जातात, जणू आपण बोललो ते योग्य होते की नाही याची बोलणाऱ्यालाच खात्री नसावी. हा फरक केवळ उच्चारांचा नाही. एडवर्ड यांनी रंगवलेल्या इंग्रजाला आपली जागा पक्की ठाऊक असते, तर जेम्स यांनी रंगवलेल्या इंग्रजाच्या पायाखालची जमीन हळूहळू सरकत असते. या नियमाला अपवाद आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा अपवाद एडवर्ड यांच्याच नावावर आहे; त्याकडे पुढे येतो.

घराणे अर्थातच दोघांचे एक. वडील रॉबिन फॉक्स हे नाट्य आणि चित्रपट क्षेत्रातील कलावंतांचे एजंट होते, तर आई अँजेला वर्दिंग्टन या स्वतः अभिनेत्री होत्या. अँजेला या नाटककार फ्रेडरिक लॉन्सडेल यांच्या विवाहबाह्य संबंधातून झालेल्या कन्या. १९१७ च्या ‘द मेड ऑफ द माउंटन्स’ या गाजलेल्या संगीतिकेचे लेखन लॉन्सडेल यांचे होते आणि १९२५ च्या ‘द लास्ट ऑफ मिसेस चेनी’सारख्या सुखात्मिकांमधून त्यांनी इंग्लंडच्या उमरावांचे दिवाणखाने रंगभूमीवर आणले होते. नातवांनी पुढे आयुष्यभर ज्या वर्गातली माणसे रंगवली, त्या वर्गाच्या बोलण्यावर आजोबांचे पोट चालले होते, असे म्हणायला हरकत नाही. तिसरे आणि सर्वांत धाकटे भाऊ रॉबर्ट हे निर्माते झाले. पडद्यावर न दिसल्यामुळे त्यांच्याबाबत घोळ होत नाही.

गल्लतीला आणखी एक कारण आहे आणि ते नावाचे आहे. जेम्स यांचे जन्मनाव विल्यम. विल्यम फॉक्स या नावानेच ते १९५० मध्ये ‘द मिनिव्हर स्टोरी’त बालकलाकार म्हणून दिसले आणि त्याच वर्षीच्या ‘द मॅग्नेट’ या चित्रपटात तर प्रमुख भूमिका या लहानग्या विल्यमचीच होती. त्यामुळे थोरल्याआधी धाकट्याने कॅमेरा पाहिला. पुढे दोघेही हॅरो या शाळेत शिकले आणि दोघांनीही त्या काळची सक्तीची लष्करी सेवा केली. एडवर्ड यांनी ‘राडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लंडनच्या नाट्यविद्यालयात शिक्षण घेतले आणि १९५८ पासून ते रंगभूमीवर कामे करू लागले, पण चित्रपटसृष्टीने त्यांच्याकडे बराच काळ ढुंकूनही पाहिले नाही. १९६३ च्या ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’मध्ये त्यांच्या वाट्याला एका वेटरचे, तेही तोंडी एकही वाक्य नसलेले काम आले. त्याच वर्षी विल्यमचे जेम्स झालेले धाकटे बंधू ‘द सर्व्हंट’मुळे एका रात्रीत नावारूपाला आले.

‘द सर्व्हंट’चे दिग्दर्शक जोसेफ लोझी आणि पटकथाकार हॅरल्ड पिंटर. जेम्स यांनी त्यात टोनी नावाच्या श्रीमंत, आळशी तरुणाचे काम केले. तो लंडनमध्ये घर घेतो, बॅरेट नावाचा नोकर ठेवतो आणि पाहता पाहता त्या घरात मालक कोण आणि नोकर कोण हे सांगणे अवघड होऊन बसते. डर्क बोगार्ड यांचा बॅरेट अर्थातच या चित्रपटाचा कणा आहे, पण समोरचा माणूस इतक्या सहजपणे कोसळला नसता तर बॅरेटच्या कारस्थानाला धार आली नसती. कोसळताना जेम्स यांच्या चेहऱ्यावर जी गोंधळलेली, काहीशी पोरकट अगतिकता दिसते, ती पुढच्या तीस वर्षांत निरनिराळ्या रूपांत परत परत दिसत राहिली. या कामासाठी त्यांना ‘बाफ्टा’चा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीचा, होतकरू नवोदिताचा पुरस्कार मिळाला.

आठ वर्षांनी, १९७१ मध्ये, याच लोझी-पिंटर जोडीने ‘द गो-बिट्वीन’ केला आणि या वेळी त्यांनी थोरल्या फॉक्सना घेतले. १९०० सालच्या उन्हाळ्यात नॉरफकमधल्या एका हवेलीत घडणाऱ्या या कथेत एडवर्ड हे ह्यू ट्रिमिंगम नावाचे तरुण उमराव झाले आहेत. बोअर युद्धात या ह्यूचा चेहरा विद्रूप झाला आहे आणि जिच्याशी त्याचे लग्न ठरले आहे ती मेरियन शेजारच्या शेतकऱ्याच्या प्रेमात आहे. त्याला ते ठाऊक आहे की नाही, हे चित्रपट शेवटपर्यंत स्पष्टपणे सांगत नाही. एडवर्ड मात्र ते ठाऊक असल्यासारखे आणि तरीही सभ्यता न सोडण्याचे ठरवल्यासारखे वावरतात. कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि एडवर्ड यांना सहायक अभिनेत्याचा ‘बाफ्टा’. एकाच लेखक-दिग्दर्शकांनी दोन भावांना दोन वेगळ्या चित्रपटांतून पुढे आणावे, एकाकडून मोडून पडण्याचे काम करवून घ्यावे आणि दुसऱ्याकडून न मोडण्याचे, यापेक्षा स्वच्छ तुलना शोधून सापडणार नाही.

यानंतर दोघांचे रस्ते उलट दिशांनी गेले. १९७३ मध्ये फ्रेड झिनेमन यांना ‘द डे ऑफ द जॅकल’साठी असा नट हवा होता, ज्याचा चेहरा पाहताच प्रेक्षकाला जुन्या भूमिका आठवणार नाहीत; त्यांनी एडवर्ड यांना निवडले. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर मारेकरी घालण्याच्या या कथेत मारेकऱ्याला खरे नाव नाही, भूतकाळ नाही आणि राग-लोभही नाही. द गॉल यांची हत्या झाली नाही हे माहीत असूनही आपण श्वास रोखून बसतो, याचे श्रेय मुख्यतः त्या थंड, नेटक्या, कधीही घाई न करणाऱ्या वावराला आहे. कलिंगडावर बंदुकीचा नेम जुळवण्याचा प्रसंग आठवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. १९७७ च्या ‘अ ब्रिज टू फार’मधल्या लेफ्टनंट जनरल हॉरॉक्सने त्यांना दुसरा ‘बाफ्टा’ मिळवून दिला.

जेम्स यांनी मात्र साठच्या दशकातच ‘किंग रॅट’, ‘द चेस’, ‘थरोली मॉडर्न मिली’ असे एकामागून एक चित्रपट केले आणि १९६८ मध्ये ‘परफॉर्मन्स’चे चित्रीकरण पूर्ण केले. त्यात ते लंडनच्या गुन्हेगारी टोळीतला चाझ झाले होते आणि समोर होता रॉक गायक मिक जॅगर. चित्रपट पाहून निर्मितीसंस्थाच इतकी बिचकली की तो १९७० पर्यंत प्रदर्शित झाला नाही. त्यानंतर जेम्स अभिनय सोडून ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळले आणि सत्तरच्या दशकाचा बहुतेक काळ चित्रपटांपासून दूरच राहिले. ‘परफॉर्मन्स’ने त्यांचे डोके फिरवले, अशी एक खमंग कथा चित्रपटरसिकांत प्रचलित आहे, मला ती फार सोयीस्कर वाटते. माणसाचा धर्माकडे जाण्याचा प्रवास एका चित्रपटाच्या खात्यावर मांडता येत नाही, आणि १९८३ मध्ये त्यांनी लिहिलेले ‘कमबॅक’ हे आत्मकथन तर श्रद्धा आणि अभिनय या दोन्हींना सोबत घेऊन लिहिलेले आहे. साठच्या दशकातले फॉक्स म्हणजे जेम्स आणि सत्तरच्या दशकातले फॉक्स म्हणजे एडवर्ड, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आता तो अपवाद. १९७८ मध्ये ‘एडवर्ड अँड मिसेस सिम्प्सन’ या सात भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेत एडवर्ड फॉक्स यांनी आठव्या एडवर्डचे, म्हणजे प्रेमासाठी गादी सोडणाऱ्या राजाचे काम केले. हट्टी, लाडावलेला आणि ऐनवेळी कर्तव्याला पाठ फिरवणारा हा माणूस खरे तर जेम्स यांच्या वळणाचा, पण तो थोरल्याने असा उभा केला की अभिनेत्याचा दूरचित्रवाणी ‘बाफ्टा’ त्यांनाच मिळाला. ही मालिका फ्रान्सिस डोनाल्डसन यांच्या चरित्रग्रंथावर आधारित होती, आणि या फ्रान्सिस म्हणजे फ्रेडरिक लॉन्सडेल यांच्याच कन्या. म्हणजे नाटककार आजोबांच्या एका मुलीने राजाचे चरित्र लिहिले आणि दुसऱ्या मुलीच्या मुलाने तो राजा रंगवला; सावत्र का होईना, मावशीच्या पुस्तकावर भाच्याने नाव कमावले.

मराठी प्रेक्षकाला दोघांची खरी गाठ पडते ती मात्र ‘गांधी’ आणि ‘अ पॅसेज टू इंडिया’तच. ज्या ‘गांधी’त कस्तुरबांचे काम रोहिणी हट्टंगडी यांनी आणि गोखल्यांचे डॉ. श्रीराम लागू यांनी केले, त्यात एडवर्ड यांच्या वाट्याला मोजकीच मिनिटे आली. डायरचा आवाज कुठे चढत नाही. सैनिक रांगेत उभे राहतात, पूर्वसूचना न देता हुकूम सुटतो आणि गोळ्या वाया जाऊ नयेत याची दक्षता घेणाऱ्या अधिकाऱ्यासारखा तो पाहत राहतो. १९१९ च्या त्या बैसाखीला प्रत्यक्षात १,६५० फैरी झाडल्या गेल्या आणि सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली. हा हिशेब ज्या माणसाला हिशेबच वाटला असेल, तो माणूस एडवर्ड आपल्यासमोर ठेवतात. चौकशी समितीपुढच्या प्रसंगातही या डायरला आपल्याला प्रश्न का विचारले जात आहेत हेच मुळी नीटसे उमगत नाही. खलनायकी हावभावांनी हे काम सोपे झाले असते, आणि खोटेही.

जेम्स यांचा फील्डिंग नेमका याच्या विरुद्ध टोकाला आहे. ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबरीतला हा सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्य क्लबात बसणाऱ्या गोऱ्यांपेक्षा हिंदी माणसांत अधिक रमतो. कॉलरचे बटण हरवलेल्या फील्डिंगला अझीझ स्वतःच्या कॉलरचे बटण काढून देतो, त्या छोट्याशा प्रसंगात दोघांची मैत्री जुळते. जेम्स तिथे जो ओशाळलेपणा दाखवतात तो डायरच्या चेहऱ्यावर कधी उमटणेच शक्य नव्हते. एका गोऱ्या तरुणीच्या विनयभंगाचा आळ अझीझवर आल्यावर फील्डिंग भर क्लबात त्याला निर्दोष म्हणतो, पण तेही गर्जना करून नव्हे. पुढे दोघांत गैरसमज होतो, अंतर पडते, आणि चांगुलपणा असूनही राज्यकर्ता आणि रयत यांच्यातली दरी एकट्याने ओलांडता येत नाही हे त्याला कळते. एका भावाने ब्रिटिश राजवटीची बेफिकीर खात्री रंगवली आणि दुसऱ्याने तिची अस्वस्थ सदसद्विवेकबुद्धी, तीही अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने. या दोन चित्रपटांत भूमिकांची अदलाबदल झाली असती तर? एडवर्ड यांचा फील्डिंग मी कल्पनेने पाहू शकतो. जेम्स यांचा डायर मला दिसत नाही.

नंतरच्या काळात एडवर्ड यांचा ओढा रंगभूमीकडे अधिक राहिला. १९८१ मध्ये पिंटर यांच्याच दिग्दर्शनाखाली त्यांनी सायमन ग्रे यांच्या ‘क्वार्टरमेन्स टर्म्स’ या नाटकाची मुख्य भूमिका केली होती आणि उतारवयात कवी जॉन बेटजमन यांच्यावरील एकपात्री प्रयोग घेऊन ते रंगमंचावर उभे राहिले. जेम्स यांचे उत्तरायुष्यातले सर्वोत्तम काम माझ्या मते ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९९३) या चित्रपटातले आहे. मुंबईत जन्मलेल्या इस्माईल मर्चंट यांच्या या निर्मितीत त्यांचे लॉर्ड डार्लिंग्टन सद्हेतूनेच नाझींच्या कच्छपी लागतात. तीस वर्षांपूर्वीचा टोनी पुन्हा एका मोठ्या घरात, पुन्हा एका नोकराच्या सहवासात उद्ध्वस्त होतो. फक्त या वेळी नोकर निष्ठावान आहे.

२०११ च्या ‘डब्ल्यू. ई.’ या चित्रपटाने तर गुंता पूर्ण केला. विषय पुन्हा आठव्या एडवर्डचाच, आणि त्यात राजाचे वडील पंचम जॉर्ज झाले जेम्स फॉक्स. थोरल्या भावाने जो राजा १९७८ मध्ये रंगवला, त्याच राजाचा बाप धाकट्याने रंगवला. आणि राजाच्या भावाचे, म्हणजे पुढे सहावा जॉर्ज झालेल्या बर्टीचे काम होते लॉरेन्स फॉक्स यांचे. हे लॉरेन्स जेम्स यांचे पुत्र.

लॉरेन्स ‘लुइस’ या ऑक्सफर्डमध्ये घडणाऱ्या गुन्हेकथांच्या मालिकेत सार्जंट हॅथवे म्हणून घरोघरी पोचले, तर ‘सायलेंट विटनेस’ या मालिकेत मृतदेहांची तपासणी करणाऱ्या डॉक्टर निकी अलेक्झांडर झालेल्या एमिलिया फॉक्स या एडवर्ड आणि अभिनेत्री जोआना डेव्हिड यांच्या कन्या. आडनाव, वय आणि गुन्हेकथा यांमुळे या दोघांना सख्खी भावंडे समजणारे प्रेक्षक आहेत. ती चुलत भावंडे आहेत. पण चुलत बहिणीलाही बहीणच म्हणणाऱ्या मराठी माणसाने ही चूक केली, तर तिला चूक म्हणायला मी तरी तयार नाही.