पत्ते संपले, तरी इंटरनेट थांबलं नाही

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. तो देण्याची जुनी पद्धत म्हणजे आयपीव्ही ४ आणि नवी म्हणजे आयपीव्ही ६. आयपीव्ही ६ चा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: जुनं बंद कधी होणार? तारीख ठरवून असा बदल एकदा झालाही होता. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याने, जुना प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) सोडून आजही चालणारा टीसीपी/आयपी घेतला. पण तेव्हा त्या जाळ्यावर काही शेकडोच संगणक होते.

आयपीव्ही ४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. डिसेंबर १९९५ मध्ये १२८ बिटांच्या आयपीव्ही ६ चा आराखडा आला. (मधला ५ हा आकडा एका प्रायोगिक प्रोटोकॉलला आधीच दिलेला होता.) त्याच्याही आधी, मे १९९४ मध्ये, तात्पुरती सोय म्हणून 'नॅट' मांडलं गेलं: बाहेर एकच पत्ता, घरात प्रत्येक यंत्राला खासगी पत्ता. ही तात्पुरती सोय घरोघरच्या राउटरमध्ये कायमची मुक्कामाला राहिली.

'नॅट म्हणजे सुरक्षा' हा समज त्यातूनच रुजला. बाहेरून आगंतुक आलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) नॅटपाशी अडतं, कारण ते आत कुणाला द्यायचं याची राउटरकडे नोंदच नसते. पण ही काही राखण नव्हे. राखण करणं, म्हणजे कुणाला आत सोडायचं ते नियमाने ठरवणं, हे फायरवॉलचं काम, आणि ते आयपीव्ही ६ वरही तसंच चालतं.

जुने पत्ते संपले की सगळे मुकाट्याने आयपीव्ही ६ वर हलतील, हाही अंदाज चुकला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगभरच्या पत्त्यांचं वाटप पाहणाऱ्या 'आयाना'ने आयपीव्ही ४ पत्त्यांचे शेवटचे पाच गठ्ठे वाटून टाकले. त्यानंतर पत्त्यांचा बाजारच उभा राहिला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले. ज्यांनी आधी येऊन साठा केला त्यांचं फावलं आणि उशिरा आलेल्यांनी पैसे मोजले, हे मला आजही खटकतं.

भारतात आयपीव्ही ६ साठी दूरसंचार विभागाचा आराखडा जुलै २०१० मध्येच आला होता, पण खरा वेग आला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर. कोरं ४जी जाळं, कोट्यवधी नवे ग्राहक आणि हाताशी जुने पत्ते तुटपुंजे, म्हणून आयपीव्ही ६ घेणं भागच होतं. आधी श्रीमंत देश बदलतील आणि मग आपण, हा समजही त्यामुळे मोडला. आयपीव्ही ६ वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत आज भारत आहे.

जिओचा मोबाइल डेटा चालू ठेवून फोनच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहा. २४०९ ने सुरू होणारी, मध्ये विसर्गासारखी टिंबं असलेली लांबलचक ओळ दिसेल. घरच्या वायफायवर आलात की त्याच जागी बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, नॅटच्या आतला खासगी पत्ताही दिसेल.