मेरिदातली मेस्तिसा, ग्वाटेमालातली लादिना

मेक्सिकोच्या दक्षिणेतल्या आणि ग्वाटेमालातल्या माया लोकांविषयी, म्हणजे तिथल्या मूलनिवाशांविषयी, वाचायला घेतलं की 'मेस्तिसो' आणि 'लादिनो' हे दोन शब्द हमखास भेटतात. दोन्हींचा अर्थ 'मिश्र रक्ताचे' असाच लावला जातो. गोव्यात पोर्तुगीज अमलातले मेस्तिस म्हणजे खरोखरच मिश्र वंशाचे, त्यामुळे आपल्याला तर हा अर्थ पटकन पटतो. पण माया मुलुखात हे शब्द माणसाचं रक्त सोडून त्याची भाषा आणि कपडे बघतात.

लादिनो हा शब्द 'लॅटिन'वरून आला. वसाहतीच्या काळात स्पॅनिश बोलू लागलेला मूलनिवासी तो लादिनो. आजच्या ग्वाटेमालात अर्थ सरळ आहे: जो मूलनिवासी नाही तो. २०१८च्या जनगणनेत ५६ टक्के लोकांनी स्वतःला लादिनो म्हणवलं, ४१.७ टक्क्यांनी माया. मात्र ही रेघ ओलांडता येते. डोंगरातल्या गावची बाई राजधानीत घरकामाला जाते, कमरेला गुंडाळायचं कोर्ते सुटून स्कर्ट येतो, मुलं घरातही स्पॅनिशच बोलतात आणि नातवंडं लादिनो होऊन जातात.

कधी हे नाइलाजानेही झालं. तिथल्या विणलेल्या पोलक्याला, म्हणजे वीपिलला, गावागावाची वेगळी नक्षी असते. जाणकाराला ती लांबूनच गाव सांगते. १९६० ते १९९६ या यादवी युद्धात हीच ओळख जिवावर बेतू लागली. १९९९च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार ज्यांची ओळख पटली त्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या चियापासात पळालेल्या कित्येक बायकांनी आपले कपडे गुंडाळून ठेवले. त्याला 'आधुनिक होणं' म्हणणं मला तरी जमत नाही.

आता युकातानात या, म्हणजे मेक्सिकोच्या ज्या भागाची राजधानी मेरिदा, तिथे. सगळं उलटं. तिथे मेस्तिसा म्हणजे पांढरा, गळ्याला नि काठाला फुलं भरलेला हिपिल (वीपिलचंच तिथलं रूप) घालणारी, बहुधा माया बोलणारी बाई. पाश्चात्त्य कपडे घालणारा तो 'कात्रिन'. एकाच घरात आई मेस्तिसा नि मुलगी कात्रिना, असं खुशाल असतं. याचं मूळ बरंचसं १८४७ला पेटलेल्या 'जातियुद्धा'त आहे. बंडखोर मायांना 'इंदिओ' म्हटलं जाई. सरकारच्या बाजूला राहिलेल्या माया भाषकांना तो शिक्का नको होता, आणि त्यांच्यासाठी 'मेस्तिसो' रूढ होत गेलं. १९०१मध्ये मेक्सिकन फौजेने बंडाची राजधानी चान सांता क्रूझ घेतली, पण शब्द राहिला.

घोळ असा की उरलेल्या मेक्सिकोत मेस्तिसो म्हणजे मूलनिवासीपण मागे टाकलेला, म्हणजे जवळजवळ ग्वाटेमालाचा लादिनोच. मेरिदाची मेस्तिसा मेक्सिको सिटीत उतरली की 'इंदिहेना', म्हणजे मूलनिवासी, ठरते. आणखी उत्तरेला, अमेरिकेत, हा भेदच पुसला जातो: माम किंवा किचे या माया भाषा बोलणाऱ्या माणसालाही स्पॅनिश येत असणार असं धरून चालतात, आणि कोर्टात दुभाषा स्पॅनिशचा मिळतो.

कान्कूनच्या हॉटेलात गणवेशात राबणारी युकातेकी मुलगी एरवी मेस्तिसा नसते. गावच्या जत्रेला, वाकेरियाच्या नाचाच्या रात्री, ती आजीचा तेर्नो, म्हणजे तीन भागांचा सणाचा पोशाख, अंगावर चढवते: खाली फुस्तान हा परकर, वर हिपिल, गळ्याशी भरतकामाचा खुबोन. मग सगळा गाव तिला मेस्तिसाच म्हणतो, अगदी सकाळी ती जीन्स घालून बसमधून उतरली असली तरी.