ऊन, वारा, पाणी आणि घड्याळ

एक छोटं गणित करून बघा. 20 लिटर पाण्याची भरलेली बादली जमिनीवरून 10 मीटर वर, म्हणजे साधारण तीन मजले चढवून ठेवली, तर तिच्यात किती ऊर्जा साठते? जवळपास 1960 ज्यूल. आणि मोबाइलची बॅटरी पूर्ण भरायला लागतात साधारण 54 हजार ज्यूल. म्हणजे एक फोन चार्ज करायचा तर अशा 28 बादल्या वर न्यायच्या, आणि एक युनिट वीज साठवायची तर अठराशेच्या वर बादल्या, तेही वाटेत काहीच वाया जात नाही असं धरून. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा कुठेतरी आकडा चुकला असं वाटून परत केलं, पण चूक नव्हती. ऊर्जा साठवून ठेवणं इतकं अवघड आहे, आणि अक्षय ऊर्जेबद्दल बोलताना नेमका हाच भाग मागे राहतो असं मला वाटतं.

कारण वीज बनवणं आता खरंच सोपं झालंय. 1954 साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये सिलिकॉनचा पहिला कामाचा सोलर सेल बनला तेव्हा तो अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी 6 टक्केच वीज करत होता, आज बाजारातलं साधं पॅनल 20 ते 22 टक्के करतं. शॉक्ली आणि क्वायसर या दोन शास्त्रज्ञांनी 1961 साली दाखवून दिलं की एकाच थराच्या सेलला साधारण 33 टक्क्यांच्या पुढे जाताच येत नाही, त्यामुळे 22 हा आकडा दिसतो तितका लहान नाही. 2010 नंतरच्या दहा वर्षांत पॅनलच्या किमती साधारण 90 टक्क्यांनी उतरल्या. एखाद्या तंत्रज्ञानाच्या बाबतीत असं क्वचितच घडतं आणि मला याचा मनापासून आनंद आहे.

पण भर दुपारी पॅनलला हात लावून बघा, चटका बसतो. आपल्याला वाटतं जितकं कडक ऊन तितकी जास्त वीज, तर तसं नाही, पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्याच्यावर लिहिलेला वॉटचा आकडा 25 अंश तापमानाचा असतो आणि त्यावर प्रत्येक अंशाला 0.3 ते 0.4 टक्के घट होते, म्हणजे काच 65 अंशांवर गेली की 12 ते 16 टक्के वीज तिथेच गेली. त्यामुळे थंड, स्वच्छ आकाशाचा दिवस पॅनलला जास्त मानवतो.

उष्णतेपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा. सगळी पॅनल्स एकदमच भरात येतात आणि एकदमच मावळतात, आणि लोक घरी येऊन दिवे, एसी, शेगड्या लावतात ती वेळ नेमकी ऊन उतरतानाची. कॅलिफोर्नियातल्या ग्रिडवाल्यांनी (ग्रिड म्हणजे केंद्रांतली वीज घरोघर नेणाऱ्या तारांचं जाळं) 2013 मध्ये याचा आलेख काढला, म्हणजे एकूण मागणीतून सोलर वजा केल्यावर बाकीच्या केंद्रांना किती वीज पुरवावी लागते ते, तर दुपारी खोलगट पोट आणि संध्याकाळी एकदम वर गेलेली मान, अगदी बदकासारखा आकार, म्हणून त्याला डक कर्व्हच म्हणतात. त्या मानेच्या दोन-तीन तासांत बाकीच्या केंद्रांची जी धावपळ होते ती सांभाळणं हे सोलरचं खरं आव्हान, कारण दुपारी तर वीज इतकी होते की कधीकधी पॅनल्स मुद्दाम बंद ठेवावी लागतात.

वाऱ्याचं घड्याळ वेगळं, तो रात्रीही वाहतो, पण तो लहरी. पवनचक्की लांबून बघितली तर आळसावल्यासारखी फिरताना दिसते, प्रत्यक्षात मोठ्या टर्बाइनच्या पात्याचं टोक ताशी 250 ते 300 किलोमीटरने जात असतं, आणि खाली उभं राहिलं की प्रत्येक पातं जवळून गेल्याचा सूं आवाज येतो. वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनावर अवलंबून असते, म्हणजे वेग निम्मा झाला की वीज निम्मी नाही, आठवा हिस्सा होते! म्हणूनच टर्बाइन कुठे उभी करायची हे ठरवायला अनेक महिने नुसता वारा मोजतात, म्हणूनच टॉवर उंच उंच होत गेले आणि लोक समुद्रात गेले. 1991 साली डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ विंडेबीला 11 टर्बाइन लागल्या, प्रत्येकी 450 किलोवॉटच्या. आजच्या समुद्रातल्या एकाच मोठ्या टर्बाइनची क्षमता त्या अकराही मिळून होत्या त्यापेक्षा जास्त आहे. वाऱ्यालाही मर्यादा आहेच, बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी सिद्ध केलं की 59.3 टक्क्यांच्या वर ऊर्जा काढता येत नाही, कारण सगळी काढली तर हवा पात्यामागेच थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेला जायला जागाच उरणार नाही.

पाण्याची वीज या सगळ्यांत जुनी आणि अजूनही सगळ्यात मोठी, जगाच्या विजेपैकी साधारण 14 टक्के. तिची खरी किंमत मात्र काठावरच्या लोकांनी मोजलीय. चीनमधलं थ्री गॉर्जेस हे 22,500 मेगावॉटचं जगातलं सगळ्यात मोठं वीजकेंद्र, त्यासाठी दहा लाखांहून जास्त माणसांना घरदार सोडावं लागलं, आणि स्वच्छ वीज म्हणताना ही माणसं हिशोबातून गळता कामा नयेत असं मला ठामपणे वाटतं. बुडालेली झाडं-झुडपं कुजून मिथेन हा हवा तापवणारा वायू सुटतो, गाळ साठतो, दुष्काळात पाणीच नसतं हे वेगळंच. तरीही धरणाकडे जे आहे ते सोलर आणि वाऱ्याकडे नाही, दार उघडलं की थोड्याच वेळात वीज आणि बंद केलं की पाणी शिल्लक.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक तर चंद्रच ठरवतो, कित्येक वर्षं आधी सांगता येतं. फ्रान्समधलं ला रान्सचं 240 मेगावॉटचं केंद्र 1966 पासून चालू आहे, पण तशा जागा जगात मोजक्याच आणि खाडीतल्या जीवसृष्टीचं नुकसान होतं. जमिनीतली उष्णता चोवीस तास मिळते, इटलीत लार्देरेल्लोला 1904 साली त्यावर पाच दिवे लावून दाखवले होते, पण ती हाताशी लागायला आइसलँडसारखी जमीन हवी, बाकी ठिकाणी किलोमीटरच्या किलोमीटर खोल जावं लागतं.

आता ग्रिडकडे या. ग्रिडमध्ये वीज साठत नाही, जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी बनावी लागते, नाहीतर विजेचा 50 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांचा, ठोका बिघडतो. कोळसा किंवा पाण्यावरच्या केंद्रांत टनावारी वजनाचे रोटर, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्राचे फिरते भाग, गरगरत असतात, अचानक कुठे काही बंद पडलं तर त्यांच्या गतीतच काही सेकंद सावरायला मिळतात. सोलरमध्ये फिरणारं काहीच नसतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर 2016 मध्ये वादळाने टॉवर पाडले, तो धक्का बसल्यावर काही विंड फार्म, म्हणजे पवनचक्क्यांचे समूह, त्यांच्या सेटिंगमुळे आपोआप बंद झाले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. तिथेच पुढच्या वर्षी हॉर्न्सडेलला 100 मेगावॉटची बॅटरी बसवली आणि सेकंदाच्या आत ग्रिड सावरायला बॅटरी किती कामाची आहे ते जगाने बघितलं.

मात्र ग्रिडवरच्या बॅटऱ्या साधारण दोन ते चार तासांच्या असतात. संध्याकाळ निघते, पण ढगाळ आणि वारा पडलेला आठवडा निघत नाही. युरोपात हिवाळ्यात असे दिवस येतात, जर्मन लोकांकडे त्याला शब्दच आहे, डुंकेलफ्लाउटे, अंधार आणि वाऱ्याची शांतता एकत्र. तेवढ्यासाठी पाण्यापासून हायड्रोजन करून ठेवायचा विचार चाललाय, पण विजेचा हायड्रोजन आणि हायड्रोजनची परत वीज केली की हातात मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. जास्तीच्या विजेवर पंप चालवून पाणी वरच्या तलावात चढवून ठेवण्यात 70 ते 80 टक्के वीज परत मिळते, म्हणून त्या बादल्यांच्या गणितानंतरही जगभर हेच करतात, फक्त बादल्यांच्या जागी डोंगर आणि तलाव लागतात.

आणि काही ठिकाणी पंपही लागत नाही. 2021 पासून नॉर्वे आणि ब्रिटन यांच्यात समुद्राच्या तळातून 720 किलोमीटरची केबल चालू आहे. ब्रिटनमध्ये वारा जोरात सुटला की ती वीज नॉर्वेला जाते आणि नॉर्वे तेवढा वेळ आपल्या धरणांचं पाणी सोडत नाही. वारा पडला की तेच राखलेलं पाणी टर्बाइनवर येतं आणि वीज उलट्या दिशेने ब्रिटनकडे निघते.