राइनीचा जबडा आणि ‘सर्वांत जुना कीटक’

स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनशायरात राइनी नावाचं गाव आहे. सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तिथल्या गरम झऱ्यांच्या पाण्यातली सिलिका काठच्या ठेंगण्या वनस्पतींत आणि बारक्या जिवांत मुरली, आणि त्यांचे अवयव चर्टमध्ये, म्हणजे सिलिकेच्या कठीण दगडात, जसेच्या तसे टिकले. १९१२ च्या सुमारास एका स्थानिक डॉक्टरला हा दगड सापडला. पहिली काही वर्षं वनस्पतींच्याच अभ्यासात गेली. संधिपादांची, म्हणजे कीटक, कोळी, गोम यांसारख्या सांधेदार पायांच्या प्राण्यांची, पाळी १९२३ मध्ये आली. तेव्हा माइट (कोळ्यांच्या नात्यातला अतिसूक्ष्म प्राणी) आणि कोळ्यांचे लुप्त झालेले भाऊबंद नोंदले गेले. त्यांत एक ‘कोळी’ही होता, पुढे तो यादीतून गळला.

१९२६ मध्ये रायनिएला हा स्प्रिंगटेल, म्हणजे एक बारीक, बिनपंखी, सहापायी प्राणी, प्रसिद्ध झाला. त्याचं वर्णन करणाऱ्या दोघांपैकी एक भारतीय कीटकतज्ज्ञ होते, आणि हे आपल्याकडे आवर्जून सांगायला हवं. मात्र रायनिएलाला ‘सर्वांत जुना कीटक’ म्हणणं आता चालणार नाही. स्प्रिंगटेलला सहा पाय असतात, पण त्याचे मुखावयव डोक्याच्या आत दडलेले असतात, कीटकांचे बाहेर दिसतात. आजच्या वर्गीकरणात तो षट्पादांत, म्हणजे सहा पायांच्या प्राण्यांच्या मोठ्या गटात, बसतो; त्यातल्या कीटकांत नाही. मराठीत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि घोळ तिथेच होतो.

खरा वाद मात्र जबड्याचा. १९२६ च्याच लेखात जबड्यांची एक जोडी नोंदली होती. १९२८ मध्ये तिला रायनिओग्नाथा हे स्वतंत्र नाव मिळालं आणि मग ती जवळपास विस्मृतीत गेली. २००४ मध्ये दोन संशोधकांनी हे जबडे असलेली काचपट्टी पुन्हा पाहिली. जबड्याला दोन सांधे दिसले, त्याचा आकार त्रिकोणी होता. ठेवण पंखवाल्या कीटकांसारखी वाटली. म्हणजे पंख ४० कोटी वर्षांपूर्वीच फुटले असावेत, असा अर्थ निघाला. बातमी जगभर गेली, पाठ्यपुस्तकांतही शिरली. पण पंख कुणालाच दिसलेला नव्हता, तो फक्त जबड्यावरून ताडलेला होता.

२०१७ मध्ये नव्या सूक्ष्मदर्शक तंत्रानं त्याच काचेत डोक्याचे आणखी अवशेष दिसले. ते गोमेच्या कुळाशी जास्त जुळतात, असं या अभ्यासकांनी मांडलं. राइनीत गोमेसारख्या प्राण्याचे इतर अवशेषही मिळालेले आहेत, त्यामुळे मला हेच मत अधिक भक्कम वाटतं. ते मानलं तर पंखांचा खात्रीचा पुरावा कार्बॉनिफेरस काळातल्या, सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांपाशीच सुरू होतो.