लोखंड लागलं म्हणून कॅन्सर पसरत नाही

'गाठीला हात लावू नका, सुरी किंवा सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो.' ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यामुळे माणसं वेळेवर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी, करत नाहीत. ती चुकीची आहे, हे स्पष्ट सांगायलाच हवं.

मेलॅनोमा हा त्वचेच्या सर्वांत घातक कॅन्सरपैकी एक. तो पसरायची तयारी सुरी लागण्याच्या कितीतरी आधी स्वतःच करतो. त्वचेतल्या रंगपेशी रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या बनवून शेजारच्या पेशींना देतात. त्यावरच आपला वर्ण ठरतो. तेल अवीव विद्यापीठातल्या कार्मित लेव्ही यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की मेलॅनोमाच्या पेशी याच पिशव्यांतून सूक्ष्म-आरएनए (जनुकांच्या कामावर ताबा ठेवणारे छोटे रेणू) खालच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशींकडे, म्हणजे त्वचेला आधार देणारे तंतू बनवणाऱ्या पेशींकडे, धाडतात. तो निरोप मिळाला की या निरोगी पेशी बदलतात, वेगाने वाढतात आणि गाठीला पोषक परिसर तयार करतात. पेरणीआधी रान तयार करावं, तसं. कॅन्सरपेशी खाली उतरतात त्या यानंतर.

म्हणजे धोका वाट पाहण्यात आहे. मेलॅनोमा किती मिलिमीटर खोल गेलाय, यावर रुग्णाचं पुढचं बरंच अवलंबून असतं, आणि ती खोली बायोप्सीतच कळते. बायोप्सीमुळे मेलॅनोमाच्या रुग्णांचं आयुष्य कमी होत नाही.

भारतीयांमध्ये तो बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. तिथला काळा डाग वाढत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.